गाणे आपले, मग गाणारा परका कसा?

'परप्रांतीय' हा शब्द आता आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. मुंबईत तो उत्तरेकडून आलेल्या कामगाराला लावतात. बंगळूरला तो बंगाली, आसामी, ओडिया मजुराला लागतो, आणि वेळ आली की तिथल्या मराठी माणसालाही लागतो. म्हणजे आपापल्या गावी जो तो भूमिपुत्र, आणि गाडीत बसून चार स्टेशने पुढे उतरला की तोच उपरा! या हिशेबाने देशात परका कोण नाही, हा सवाल आम्ही रेल्वे कामगारांनी विचारायला हवा. कारण या सगळ्यांना इकडून तिकडे नेणारी गाडी आपणच चालवतो.

आमच्या खात्यात बदली कोणाला चुकली आहे? सोलापूरचा पॉइंट्समन हुबळीला जातो, हुबळीचा फिटर गुंतकलला जातो. मुले एका भाषेत पहिलीत बसतात आणि दुसऱ्या भाषेत चौथी पास होतात. रेल्वे क्वार्टरच्या ओळीत पाच दारांमागे पाच भाषा बोलल्या जातात आणि नळावर सहावीच. त्यामुळे 'आपला' आणि 'परका' हा हिशेब आम्हाला कधी नीट जमला नाही, आणि त्याची आम्हाला लाजही वाटत नाही.

या लेखात आम्ही एका वेगळ्या बाजूने बोलणार आहोत. मजुरी, बोनस, पेन्शन यांवर या पानांत नेहमी लिहिले जाते, ते लिहिलेच पाहिजे. पण नागरिक कोणाला म्हणायचे हा प्रश्न नुसत्या कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. तो लोकांच्या मनात सुटावा लागतो. आणि लोकांच्या मनाचे दार अनेकदा गाणाऱ्याने, लिहिणाऱ्याने, नाटक करणाऱ्याने उघडले आहे. त्यातले बहुतेक स्वतः बाहेरून आलेले होते.

उपऱ्यांनी वसवलेले गाव

बंगळूरजवळचे व्हाइटफील्ड आज सर्वांना माहीत आहे ते संगणक कंपन्यांमुळे. १९९० च्या दशकात तिथे आय. टी. पार्क उभा राहिला आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण आमच्या दृष्टीने व्हाइटफील्ड हे आधी एक रेल्वे स्टेशन आहे. बंगळूर छावणी ते जोलारपेट ही लाइन १८६४ साली सुरू झाली, त्या लाइनवरचे हे स्टेशन. तिथे मोठा मालधक्का आहे, कंटेनर डेपो आहे, आणि या दोन्हींवर राबणारे हात आहेत.

हे गाव वसले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट. त्यांच्याच नावावरून व्हाइटफील्ड हे नाव पडले. हे लोक कोण होते? बाप गोरा, आई इथली, किंवा दोन-तीन पिढ्यांमागे तसे. गोरे त्यांना आपल्यात बसवून घेत नसत आणि इथले लोक त्यांना आपले म्हणत नसत. ना घर का ना घाट का, अशी त्यांची गत. आपल्या हक्काचा जमिनीचा एक तुकडा असावा, तिथे कोणी 'तू कुठला?' असे विचारू नये, एवढीच त्यांची मागणी होती.

या समाजाचे आणि रेल्वेचे नाते जुन्या कामगारांना सांगायला नको. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागांवर एके काळी हेच लोक असत. त्यांना आपल्यापेक्षा जास्त पगार आणि चांगले बंगले मिळत, हा इंग्रजांचा भेदभाव होता आणि त्याविरुद्ध आपल्या आधीच्या पिढ्या लढल्या. तरीही स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनेने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. घटनेच्या ३३६ व्या कलमाने रेल्वे, कस्टम, टपाल आणि तार खात्यांतील त्यांच्या जागांना दहा वर्षांपुरते, हळूहळू कमी होत जाणारे संरक्षण दिले. लोकसभेत त्यांचे दोन प्रतिनिधी नेमण्याची सोय केली. ती सोय जानेवारी २०२० मध्ये संपली.

आणखी एक गोष्ट या लोकांनी आपल्याला दिली, तिची नोंद कोणी घेत नाही. रेल्वे इन्स्टिट्यूटचे सभागृह. तिथे ते बँड वाजवीत, नाच करीत, नाटके बसवीत. साहेबांच्या क्लबात त्यांना मान नव्हता, म्हणून इन्स्टिट्यूट हेच त्यांचे घर. आज त्याच जुन्या सभागृहांतून आपली मराठी, कानडी, तेलुगू नाटके होतात, आंबेडकर जयंती होते, युनियनची द्वारसभा पावसाने उधळली तर तिथेच भरते. ज्यांना कुठेच आपले म्हटले गेले नाही, त्यांनी वाजवून-गाजवून ठेवलेली ती जागा आता आपणा सर्वांची झाली आहे.

तीन गाड्यांची गोष्ट

आता आजच्या व्हाइटफील्डकडे या. तिथल्या काचेच्या इमारती बांधल्या कोणी? बिहार, बंगाल, ओडिशा, आसाम, आणि उत्तर कर्नाटकातील रायचूर, यादगीर, कलबुर्गी इथून आलेल्या मजुरांनी. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो पोहोचली, तिच्या खांबांतले काँक्रीटही अशाच हातांनी ओतले. इमारती पुऱ्या झाल्यावर त्यांतला कचरा वेचणारे, फाटकावर रखवाली करणारे, घरांतली भांडी घासणाऱ्या बायका, हे सारे बाहेरूनच आलेले. राहायला निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या.

रेल्वे कामगार म्हणून या लोकांच्या तीन गाड्या आम्ही विसरू शकत नाही.

पहिली गाडी ऑगस्ट २०१२ ची. ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार, अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि काही दिवसांत हजारो माणसे बंगळूर सिटी स्टेशनवर लोटली. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. आपल्याच देशातल्या शहरातून आपल्याच देशाच्या नागरिकांनी जीव मुठीत धरून पळावे, आणि त्यांच्यासाठी जादा डबे जोडण्याचे काम रेल्वेच्या वाट्याला यावे! फाळणीच्या गाड्यांच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या, त्यांच्या काळजात त्या दिवशी चर्र झाले असेल.

दुसरी गाडी सुटलीच नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांसाठी श्रमिक गाड्या सुरू झाल्या. कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांची बैठक घेतली आणि पाठोपाठ रेल्वेला गाड्या रद्द करण्याचे पत्र दिले. मजूर गावी गेला तर काम कोण करणार, ही चिंता! चोहीकडून टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. पण तेवढ्या दिवसांत सत्य उघडे पडले. ज्याला एरवी 'निघून जा' म्हणतात, त्यालाच काम अडले की 'जाऊ नकोस' म्हणून कोंडून ठेवतात. जाण्याचाही हक्क नाही आणि राहण्याचाही नाही, अशा माणसाला नागरिक म्हणायचे की वेठबिगार?

तिसऱ्या गाडीबद्दल लिहिताना हात थांबतो. ८ मे २०२०. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे रुळांवरून चालत निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, थकून ते रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. खडीवर त्यांच्या भाकऱ्या पसरल्या होत्या, ते चित्र देशाने पाहिले. १९७४ चा रेल्वेचा महासंप ज्या तारखेला सुरू झाला तीच ही तारीख, ८ मे. त्या तारखेला आपण दरवर्षी आपल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. या सोळा जणांचेही स्मरण त्या दिवशी झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि या तीन गाड्यांच्या मध्ये जानेवारी २०२० आहे. व्हाइटफील्ड ज्या महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात येते, त्याच मतदारसंघात करियम्मन अग्रहार इथे शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या. इथे बांगलादेशी राहतात, असा बोभाटा झाला होता. लोक आधार कार्डे, मतदार कार्डे दाखवीत होते. त्यांत बंगाल-आसामचे होते, तसे खुद्द उत्तर कर्नाटकातलेही होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सरकारला जाब द्यावा लागला. पण मोडलेली चूल न्यायालयाच्या आदेशाने लगेच पेटत नाही. ज्या महिन्यात अँग्लो-इंडियनांची लोकसभेतली जागा गेली, त्याच महिन्यात ही घरे गेली. एकाच परिसराने आधी एका उपऱ्या समाजाला जमीन दिली आणि पुढे दुसऱ्याच्या डोक्यावरची ताडपत्री काढली.

मिरजेची कबर आणि गदगचा मुलगा

आता कलेकडे येऊ. कोणी म्हणेल, घर पडलेल्या माणसाला गाण्याचे काय? आम्ही म्हणतो, थोडे ऐकून घ्या.

मराठी नाटकाचा जन्म कसा झाला? कर्नाटकातल्या किनारपट्टीकडून भागवत मंडळींचा एक खेळ सांगलीला आला. तो पाहून सांगलीच्या राजेसाहेबांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले. १८४३ साली 'सीतास्वयंवर' झाले. म्हणजे ज्या मराठी रंगभूमीचा आपल्याला एवढा अभिमान, तिची पहिली ठिणगी कानडी मुलखातून आलेल्या फिरत्या कलावंतांनी टाकली.

मिरज जंक्शन आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांना तीन गेजच्या रुळांसाठी आठवते. गाणे कळणाऱ्यांना ते अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी आठवते. उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा हा माणूस बडोद्याला आला, पुण्यात त्याने संगीत विद्यालय काढले आणि अखेर मिरजेचा झाला. त्याच्या गायकीचे नाव किराणा घराणे, म्हणजे मूळ गावाचे नाव, पण ती रुजली मिरज-धारवाड-हुबळीच्या पट्ट्यात. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे प्रवासात असताना सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनच्या फलाटावर त्यांनी प्राण सोडला. गाणाऱ्या माणसाला मरण आले ते रेल्वेच्या फलाटावर, जिथे कोणीच कायमचा रहिवासी नसतो. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. आजही उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. मिरजकर कोणाला विचारतात का, की हा कैरान्याचा इथे कसा?

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर. घरची भाषा कानडी. मराठी रसिकांनी त्यांना 'सवाई गंधर्व' ही पदवी दिली. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गदगचा हा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ च्या सुमारास, गाणे शिकण्यासाठी घरातून पळाला. खिशात पैसे नाहीत. विनातिकीट गाडीत बसायचे, उतारूंना गाणे म्हणून दाखवायचे, असे करीत तो उत्तरेकडे गेला. हे ते स्वतःच पुढे हसत सांगत. आमच्या एखाद्या तिकीट तपासनिसाने त्या पोराचे गाणे ऐकून कानाडोळा केला असेल, तर त्या अपराधाबद्दल सगळा महाराष्ट्र त्याचा ऋणी आहे. पुढे याच मुलाच्या आवाजातले अभंग आषाढीला घरोघर लागू लागले. २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाला तेव्हा पुण्याने पेढे वाटले आणि धारवाडनेही वाटले. दोघांचेही खरे होते.

उलट दिशेची गोष्टही आहे. बंगळूरच्या एका मराठी घरातला, पोलीस शिपायाचा मुलगा शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या बसवर कंडक्टर. म्हणजे आपल्यासारखाच वाहतूक कामगार. १९७३ मध्ये तो मद्रासला अभिनय शिकायला गेला, १९७५ मध्ये पहिला तमिळ चित्रपट आला, आणि जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखू लागले. मराठी त्याला आपला म्हणतो, कानडी आपला म्हणतो, तमिळ माणूस तर देवासारखा पुजतो. एका माणसाला तीन राज्यांनी आपले म्हटले तर कोणाचे काय कमी झाले?

दाखला नसलेला कवी

मुंबईचे गिरणगाव हे तर उपऱ्यांचेच गाव. कोकणातला, घाटावरचा, तेलंगणातला, उत्तरेतला कामगार खोलीत बारा-बारा जणांनी पाळीपाळीने झोपत असे. वाटेगावहून चालत मुंबईला आलेल्या कुटुंबातला तुकाराम साठे, म्हणजे अण्णाभाऊ. हमाली केली, गिरणीत काम केले, शाळा जवळजवळ नाहीच. बार्शीचा मेहबूब पटेल, म्हणजे अमर शेख. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार. या दोघांनी द. ना. गव्हाणकरांसह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच आवाजांनी मैदाने दणाणून सोडली. मुंबई मराठी माणसाची आहे हे ज्यांनी साऱ्या महाराष्ट्राला छातीवर हात ठेवून सांगितले, त्यांतला एक गावकुसाबाहेरून आलेला मातंग आणि दुसरा मुसलमान. मराठी अस्मितेची मालकी सांगणाऱ्यांनी हे कधी विसरू नये. अण्णाभाऊंनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत दिवस काढले आणि १९६९ साली हलाखीतच ते गेले, हेही विसरू नये.

आणि नारायण सुर्वे? १९२६ साली मुंबईच्या रस्त्यावर टाकलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, आपले नाव दिले. आई कोण, बाप कोण, गाव कोणते, जात कोणती, धर्म कोणता, कशाचाच पुरावा नाही. या माणसाने शिपाईगिरी केली, मग शाळेत शिक्षक झाला, कामगाराच्या जगण्याला मराठी कवितेत जागा मिळवून दिली. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचा तो अध्यक्ष झाला. आज कोणी अधिकारी त्यांच्या दारात उभा राहून 'आईबापांच्या जन्माचा दाखला दाखवा' म्हणाला असता, तर मराठीचा हा थोर कवी कोणत्या रकान्यात बसला असता?

गंगाराम सुर्वे यांनी त्या मुलाला उचलताना दाखला मागितला नाही. नागरिकत्वाचा आमच्या मते याहून मोठा कायदा नाही.

'उपरा' हा शब्दच घ्या. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथेला हेच नाव दिले. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड बांधून गावोगाव फिरणाऱ्या, कुठल्याच गावाच्या दप्तरात नाव नसलेल्या माणसांची ती हकीकत. लोक ज्या शब्दाने हिणवत, तोच शब्द पुस्तकावर छापला, आणि साहित्य अकादमीने त्याला पुरस्कार दिला. भटक्या-विमुक्तांचा प्रश्न कोट्यवधी वाचकांच्या नव्हे, पण राज्यकर्त्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या कानावर पडला तो या पुस्तकामुळे. कला काम करते ते असे.

रस्त्याच्या कडेला जन्मलेले

हे केवळ आपल्या प्रांतापुरते नाही. तिबेटी निर्वासितांना १९६० नंतर तेव्हाच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्पे इथे जमीन दिली. त्या आधी आणि नंतरही कित्येक तिबेटी हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडत होते. तेनझिन त्सुन्दू हा कवी अशाच रस्ता-मजुरांचा मुलगा, मनालीजवळच्या कामावर जन्मलेला. मुंबई विद्यापीठात शिकला. पहिले कवितांचे पुस्तक काढायला पैसे नव्हते, तेव्हा वर्गमित्रांनी हात दिला. एप्रिल २००५ मध्ये चीनचे पंतप्रधान बंगळूरला आले असताना तो भारतीय विज्ञान संस्थेच्या उंच मनोऱ्यावर चढला आणि स्वतंत्र तिबेटचा फलक त्याने खाली सोडला. आपण जन्मलो इथे, वाढलो इथे, तरी दप्तरात आपली नोंद परदेशी म्हणून, हे तो वर्षानुवर्षे लिहीत आला आहे.

२०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारताचे नागरिक आहेत. कायद्याच्या पुस्तकात हे आधीपासूनच होते. पण पुस्तकातले कलम आपोआप उठून चालू लागत नाही. त्याला कोणीतरी बोलते करावे लागते.

आसामातही हेच घडले. बंगाली मुळाच्या मुसलमानांना तिथे 'मिया' म्हणून हिणवतात. २०१६ पासून त्यांच्यातल्या काही जणांनी त्याच नावाने कविता लिहिल्या: होय, मी तोच, आणि ही शेते मीच पिकवली आहेत, असा त्यांचा रोख. जुलै २०१९ मध्ये अशा दहा जणांवर पोलिसांत तक्रार नोंदवली गेली. पुढच्याच महिन्यात आसामची नागरिक नोंदवही जाहीर झाली आणि १९ लाखांवर लोक तिच्याबाहेर राहिले. कवितेला सरकार का घाबरते, हे ज्याला समजेल त्याला कलेची ताकद समजेल. बंगळूरच्या झोपड्यांत राहणारे कित्येक जण याच आसामातून आलेले आहेत.

युनियनच्या कामानिमित्त आम्ही व्हाइटफील्डला गेलो होतो तेव्हा रविवार होता. मालधक्क्याच्या मागे ओडिया हमालांचे भजन चालले होते. मृदंगासारखे वाद्य, झांजा, आणि सात-आठ जणांचा आवाज. शब्द आम्हाला कळले नाहीत, पण पहिला एक म्हणतो आणि मागून सारे उचलतात ती चाल आपल्या वारीतलीच. एक स्थानिक कानडी ट्रक ड्रायव्हर कडेला बसून टाळ्यांनी ठेका धरत होता. त्याला विचारले, 'समजते का?' तो म्हणाला, 'ताल समजतो.' सोमवारी सकाळी तेच हमाल सिमेंटच्या गोण्या उतरवीत होते आणि त्यांच्या हजेरीच्या वहीत नाव होते फक्त मुकादमाचे. आदल्या संध्याकाळी तिथे सात-आठ माणसे होती, वहीत एकच होता.

भूमिपुत्राची तक्रारही खरी आहे

इथे आम्हाला आपल्याच लोकांशी स्पष्ट बोलायचे आहे. स्थानिक तरुणाची तक्रार खोटी नाही. रेल्वे भरतीच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत दिसत नव्हत्या, परीक्षा मराठीत नव्हती, ही तक्रार वाजवी होती आणि ती आपणही मांडली. पण ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. त्या मुलांच्या हातात काय होते? पेन आणि प्रवेशपत्र. पुढे प्रादेशिक भाषांतून परीक्षा देण्याची सोय झाली, ती योग्यच झाली. भाषेचा हक्क मागायचा तो सरकारकडे, गरिबाच्या पोराला मारून नव्हे.

कानडी माणसालाही बंगळूरमध्ये आपली भाषा मागे पडते असे वाटते, त्यातही तथ्य आहे. जो जिथे राहतो त्याने तिथली भाषा शिकावी, हे आम्ही रेल्वेवाले तर अनुभवाने सांगतो. पण भाषा शिकवावी लागते, तशी सवड द्यावी लागते. बारा तास राबवून घ्यायचे, ताडपत्रीखाली ठेवायचे, आणि वर विचारायचे की कानडी का येत नाही, मराठी का येत नाही, हा कुठला न्याय?

आणि परप्रांतीय स्वस्तात राबतो म्हणून आपली मजुरी पडते, या तक्रारीचे उत्तर त्याला हाकलणे हे नाही. त्याची मजुरी वाढवणे हे आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने अशा कामगाराला निम्म्या महिन्याच्या मजुरीइतका विस्थापन भत्ता द्यायचा होता. किती ठेकेदारांनी दिला? पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन केला आणि तो भत्ताही गेला. त्या वेळी भूमिपुत्रांचे कैवारी कुठे होते? मजूर कायमचा अर्धा नागरिक राहण्यात मालकाचा फायदा असतो. पूर्ण नागरिक झाला की तो पूर्ण पगार मागतो.

आमचा खरा आक्षेप आणखी एका ढोंगाला आहे. गवई मोठा झाला की तो आपला, नट मोठा झाला की आपला, मूर्तिकाराची मूर्ती आपली. बंगालहून येणारे कारागीर बंगळूरमध्ये दुर्गा घडवतात, गणपतीही घडवतात. मूर्तीपुढे हात जोडायचे, आणि ती घडवणारा हात मात्र 'बांगलादेशी' म्हणून दरडावायचा! गाणे आपले आणि गाणारा परका, इमारत आपली आणि गवंडी परका, हे चालणार नाही. भीमसेन होईपर्यंत प्रत्येक पोर विनातिकीटच असते. ज्याचा भीमसेन होणार नाही, जो आयुष्यभर गोण्याच उचलणार, त्यालाही तोच मान मिळाला पाहिजे. कलावंत आपल्याला हे दाखवून देतो की आलेला माणूस रिकाम्या हाताने आलेला नसतो. पण हक्क मिळवायला त्याने कलावंत असावे, अशी अट घालता येत नाही.

आपण काय करायचे

कामगार बंधू-भगिनींनो, लेख वाचून पान उलटण्याआधी चार कामे मनाशी धरा.

एक, आपल्या शाखेच्या हद्दीतल्या मालधक्क्यावर, साफसफाईच्या ठेक्यावर, रुळांच्या कामावर जे बाहेरचे कंत्राटी कामगार आहेत, त्यांची नावे लिहून घ्या. मुकादमाचे नव्हे, प्रत्येकाचे. युनियनच्या वहीत नाव आले की माणूस पहिल्यांदा कुठल्यातरी दप्तरात येतो.

दोन, त्यांची बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, रेशन, मुलांची शाळा यांसाठी आपला एक तरी कार्यकर्ता त्यांच्यासोबत कचेरीत जावा. घटनेच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो कचेरीच्या खिडकीवर मागावा लागतो.

तीन, रेल्वे इन्स्टिट्यूटचे सभागृह वर्षातून एक दिवस या लोकांसाठी मागून घ्या. १ मे हा दिवस त्याला चांगला. ओडिया भजन होऊ द्या, भोजपुरी बिरहा होऊ द्या, आपला पोवाडा होऊ द्या. आपल्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. आम्ही अनुभवाने सांगतो, ज्याचे गाणे ऐकले त्याच्या झोपडीवर दगड मारायला हात उठत नाही.

चार, दरवर्षी ८ मे रोजी संपातल्या हुतात्म्यांबरोबर करमाडच्या सोळा मजुरांनाही दोन मिनिटे उभे राहून अभिवादन करा.

सीमाप्रश्न आहे, पाण्याचे तंटे आहेत, नोकऱ्यांची टंचाई आहे. हे सारे सोडवायलाच हवे आणि ते कायद्याने, चर्चेने, संघटनेच्या जोरावर सुटतील. पण त्यांचा राग घेऊन कोणी गरिबाच्या ताडपत्रीला हात घातला, तर रेल्वे कामगार त्याच्या बाजूने उभा राहणार नाही, एवढे आपण ठरवले पाहिजे. गाडीत बसलेल्या माणसाला आपण एकच गोष्ट विचारतो, कुठे जायचे आहे? तू कुठला, हे विचारणे आपल्या ड्युटीत बसत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!